गळ, पाणी आणि विजेचे आमिष

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु पोलाद तयार करावयाचे तर खनिजाइतकीच पाण्याचीही आवश्यकता असते. म्हणूनच तांदुळा जलाशयाचे पाणी कालव्याने येथवर आले आणि मरोद्याचे विस्तीर्ण तळे कारखान्याच्या उशाशी साठले. जवळूनच दुर्गच्या अंगाने शिवनाथ नदी वाहते, आणि आसपासच्या प्रत्येक खेड्यात निस्तारी तलाव आहेत. जेथे पाणी आहे तेथे मासा आहे, आणि जेथे मासा आहे तेथे गळ टाकून बसणारा मनुष्यही आहेच.

अलीकडे या गळाला एक नवी वस्तू लागली आहे. बोटभर लांबीचा, माशाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा. त्याच्या पोटात गुंडीएवढी विद्युत्घटमाला. पाण्यात पडताच लुकलुकणारा लहानसा दिवा, आणि कित्येकांत गुणगुणणारे कंपनयंत्रही. यालाच इलेक्ट्रॉनिक आमिष म्हणतात. विक्रेता सांगतो की, हे कोणत्याही पाण्यात कोणताही मासा ओढून आणते. घेणारा मात्र कधी हर्षित होतो, कधी निराश. एकाच वस्तूविषयी असे परस्परविरोधी अनुभव का यावेत, याचे उत्तर त्या वस्तूत नसून बहुतांशी पाण्यात आहे. ते कसे, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

आमिष हा एक संकेत आहे

गांडूळ किंवा कणकेची गोळी हे खरे अन्न होय. इलेक्ट्रॉनिक आमिष हे अन्न नव्हे. ते अन्नाचा केवळ संकेत देते. कोणताही संकेत सफल व्हावयाचा तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. संकेत पाण्यातून माशापर्यंत पोचला पाहिजे. तो ग्रहण करणारे इंद्रिय माशाजवळ असले पाहिजे. आणि त्या संकेताचा अर्थ माशाच्या दृष्टीने ‘अन्न’ असा झाला पाहिजे. यांपैकी एक जरी कडी तुटली, तरी दिवा कितीही तेजस्वी असो, त्याचा उपयोग नाही.

तिसऱ्या कडीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाण्याच्या खेचणीद्वारांत मासे शिरू नयेत म्हणून वीजनिर्मिती केंद्रांत कित्येक ठिकाणी झगझगणारे दिवे व ध्वनियंत्रे बसवितात. म्हणजे एकाच प्रकाशाने कोठे मासा बोलावता येतो, तर कोठे पिटाळताही येतो. लहान माशाच्या खवल्यांवरून उन्हाची तिरीप चमकावी तशी मंद, अनियमित लुकलुक शिकारी माशाला भक्ष्याची आठवण देते. तर वेगाने व तीव्रतेने उघडझाप करणारा दिवा त्याला संकटाची सूचना देतो.

पाण्यातील प्रकाशाची वाट

हवेतून प्रकाश मैलोगणती जातो. पाण्यातून तो फार दूर जात नाही. पाणी प्रकाशाचे शोषण करते, आणि हे शोषण सर्व रंगांच्या बाबतीत सारखे नसते. अगदी शुद्ध पाण्यातून दहा मीटर अंतर गेल्यावर तांबड्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी जेमतेम तीन भाग उरतात, हिरव्याचे सुमारे पंचावन्न ते साठ, आणि निळ्याचे नव्वदांहून अधिक. म्हणून खोल व स्वच्छ समुद्र निळा दिसतो, आणि म्हणूनच तेथे तांबडे आमिष काही मीटरांवरच काळे होऊन जाते.

परंतु आपल्या तलावांतील पाणी शुद्ध नसते. त्यात मातीचे सूक्ष्म कण तरंगत असतात, कुजलेल्या पानांचा पिवळसर अर्क मिसळलेला असतो, आणि उन्हाळ्यात हिरव्या शैवलाचे दाट पीक असते. पिवळसर अर्क व माती निळा प्रकाश सर्वांत आधी गिळतात. शैवलांतील हरितद्रव्य निळा आणि तांबडा या दोहोंचे शोषण करते व हिरव्याला वाट देते. परिणामी, समुद्रात जो निळा रंग सर्वांत दूर जातो तोच गढूळ तळ्यात सर्वांत आधी नाहीसा होतो. स्वच्छ समुद्रात निळा, हिरवट पाण्यात हिरवा, आणि मातकट पाण्यात पिवळा-नारिंगी, असा दूर जाणाऱ्या रंगांचा स्थूल क्रम सांगता येईल.

येथे निसर्गाची एक योजना लक्षात घेण्यासारखी आहे. गोड्या पाण्यातील पुष्कळशा माशांच्या दृष्टिपटलातील रंगद्रव्य समुद्री माशांच्या रंगद्रव्याहून निराळे असून ते तांबड्या बाजूच्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असते. हा भेद प्रथम उलगडून दाखविणारे शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टीविषयक संशोधनासाठी १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ज्या पाण्यात जो प्रकाश उरतो, त्या प्रकाशाला अनुसरून माशाचा डोळा घडलेला असतो. म्हणून समुद्रासाठी बनविलेले निळे आमिष शिवनाथच्या पाण्यात टाकणे म्हणजे अपरिचित भाषेत हाक मारण्यासारखेच होय.

आता दिव्याच्या तेजाचा विचार करू. समजा, एखाद्या गढूळ तळ्यात दर वीस सेंटिमीटरांना प्रकाश निम्मा होतो. मग एक मीटर अंतरात तो पाच वेळा निम्मा होईल, म्हणजे मूळच्या बत्तिसाव्या हिश्शावर येईल. आणि दोन मीटरांत दहा वेळा निम्मा होऊन सुमारे एक हजारांश उरेल. आता कोणी दुप्पट तेजाचा दिवा लावला, तर त्याला काय लाभ होईल? फक्त आणखी वीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत! दोन मीटर अधिक पल्ला हवा असेल, तर दिवा हजारपट प्रखर करावा लागेल. शिवाय मातीचे कण प्रकाश चहूकडे विखुरतात. धुक्यात मोटारीचे दिवे प्रखर केले असता पुढचा रस्ता दिसण्याऐवजी धुकेच अधिक पांढरे दिसते, तसाच हा प्रकार होय. तात्पर्य, गढूळ पाण्यात प्रखर दिव्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे.

पाण्याची पारदर्शकता कशी मोजावी

पाणी किती निवळ आहे हे ‘दिसते बरे’, ‘जरा गढूळ आहे’ अशा शब्दांनी सांगण्यापेक्षा मोजून सांगणे केव्हाही चांगले. यासाठी एक अत्यंत साधे साधन आहे. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या दोराने खाली सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याची पद्धतशीर नोंद केली. तेव्हापासून ही तबकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते. तलावांसाठी वीस सेंटिमीटर व्यासाची, एकाआड एक पाव भाग काळे व पांढरे रंगविलेली तबकडी वापरण्याचा प्रघात आहे.

शाळेतील विद्यार्थ्यांना ती सहज करता येईल. पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची चकती घ्यावी, मध्यभागी छिद्र पाडून दोर ओवावा, खाली एक दगड बांधावा आणि दोराला दर दहा सेंटिमीटरांवर गाठ मारावी. भर दुपारी, सावलीच्या बाजूने, शिक्षकांच्या देखरेखीखाली घाटावर उभे राहून तबकडी हळूहळू सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. दर पंधरवड्यास हे माप घेऊन वहीत लिहून ठेवल्यास वर्षाच्या अखेरीस आपल्या गावच्या तलावाचा एक मौलिक इतिहास हाती येईल.

गळ टाकणाऱ्यास या मापाचा उपयोग असा. तबकडी एक मीटरहून खोल दिसत असेल, तर डोळ्यांनी ओळखता येणारे आमिष, म्हणजे चकाकणारे किंवा मंद प्रकाशाचे, उपयोगी पडेल. ती सुमारे तीस सेंटिमीटरांच्या आतच नाहीशी होत असेल, तर प्रकाशाचा भरवसा सोडून कंपन व गंध यांचा आश्रय घ्यावा. या दोहोंच्या दरम्यान असेल, तर दोन्ही संकेत एकत्र वापरावेत. हे आकडे ढोबळ आहेत. परंतु अंदाजाने चालण्यापेक्षा ढोबळ मापाने चालणे अधिक श्रेयस्कर होय.

पाण्यातील नाद

प्रकाशाच्या बाबतीत पाणी कृपण आहे, तर ध्वनीच्या बाबतीत उदार आहे. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. पाण्यात तोच वेग सुमारे १५०० मीटर असतो, आणि गढूळपणाने ध्वनीचे विशेष काही बिघडत नाही.

मासा ध्वनी दोन प्रकारे जाणतो. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यातील सूक्ष्म केसांसारखी संवेदनाग्रे जवळच्या पाण्याची हालचाल ओळखतात. हे एक प्रकारचे दूरस्पर्शाचे इंद्रिय होय. पण त्याचा पल्ला माशाच्या शरीराच्या एक-दोन लांबीपुरताच असतो. दुसरे इंद्रिय म्हणजे अंतर्कर्ण. रोहू, कटला, मृगळ यांसारखे कार्प आणि मांगूर, शिंगी, शिवडा यांसारखे मिशीवाले मासे यांच्यात पोटातील वाताशय व कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर याने १८२० साली तिचे वर्णन केले. वाताशय ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरतो आणि ही साखळी ती थरथर कानापर्यंत नेते. त्यामुळे या माशांना दर सेकंदास काही हजार कंपनांपर्यंतचे नाद ऐकू येतात. ज्या माशांत अशी रचना नाही त्यांची श्रवणशक्ती बहुधा शेकड्यांच्या मर्यादेत राहते.

मासे खरोखर ऐकतात काय, याविषयी पूर्वी पुष्कळ वाद होता. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन फ्रिश याने १९२३ साली एका दृष्टिहीन मिशीवाल्या माशाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मातीच्या नळीत लपून राहणाऱ्या या माशाला अन्न देताना तो दर वेळी शीळ घालीत असे. थोड्याच दिवसांत नुसती शीळ ऐकूनच मासा नळीबाहेर येऊ लागला. या प्रयोगाने वाद मिटविला. पण आपल्या दृष्टीने त्यातील बोध निराळाच आहे. त्या शिळेला अर्थ प्राप्त झाला तो अन्नाशी जोडली गेल्यामुळे. ज्या तळ्यात मासा कधी गुणगुणणारे यंत्र ऐकलेला नाही, तेथे पहिल्या दिवशी तो जवळ येण्याऐवजी दूरही जाईल.

ध्वनीच्या बाबतीत खोलीचाही विचार करावा लागतो. उथळ पाण्यात खोल आवाज, म्हणजे कमी कंपनांचा नाद, दूर जाऊ शकत नाही. कारण त्याची लाट त्या पाण्यात मावतच नाही. तळ कठीण असला, तर पाण्याच्या खोलीच्या चौपटीहून लांब लाट फार पुढे सरकत नाही, असा हिशेब आहे. एक मीटर खोल तलावात ही मर्यादा चार मीटर लांबीच्या लाटेची, म्हणजे दर सेकंदास सुमारे ३७५ कंपनांची येते. तळ चिखलाचा असल्यास ती आणखी वर सरकते. म्हणून उथळ तळ्यात घुमणाऱ्या आमिषापेक्षा टकटक किंवा खुळखुळ असा तीक्ष्ण आवाज करणारे आमिष दूरवर ऐकू जाते. घुमणाऱ्याचा उपयोग अगदी जवळच्या माशाच्या पार्श्वरेषेपुरताच.

कोणता मासा, कोणते इंद्रिय

आता संकेत ग्रहण करणाऱ्याकडे वळू. आपल्या तलावांत सोडले जाणारे तीन मुख्य कार्प मासे एकाच पाण्यात तीन मजल्यांवर राहतात. कटला पृष्ठभागाजवळ सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, आणि मृगळ तळाशी कुजके पदार्थ वेचतो. यांपैकी कोणीही दुसऱ्या माशाचा पाठलाग करणारा नव्हे. म्हणून माशाचे सोंग घेतलेले, लुकलुकणारे आमिष त्यांच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. त्यांच्यासाठी कणीक, पेंड किंवा भाताची गोळी हेच खरे आमिष. विजेचा उपयोग झालाच तर रात्री मासा लागल्याची सूचना देणाऱ्या दिव्यापुरता.

मरळ हा मात्र जातिवंत शिकारी. तो गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. तो हवेत श्वास घेण्यासाठी वरचेवर पृष्ठभागावर येतो, म्हणून पृष्ठभागावरून ओढलेले, हलणारे, मंद चमकणारे आमिष त्याला मोह घालते. शिवडा रात्री हिंडणारा खादाड मासा आहे. त्याचे डोळे लहान, पण मिशा लांब व कान तीक्ष्ण. गढूळ पाण्यात त्याच्यासाठी कंपन व गंध हेच उत्तम संकेत होत.

मिशीवाल्या माशांना आणखी एक विलक्षण इंद्रिय आहे. त्यांच्या त्वचेतील सूक्ष्म छिद्रांना पाण्यातील अतिक्षीण विद्युत्क्षेत्र जाणवते. १९१७ साली पार्कर व व्हॅन ह्यूसेन या अमेरिकन संशोधकांना असे आढळले की, या जातीचे मासे काचेच्या कांडीकडे दुर्लक्ष करतात, परंतु धातूची कांडी पाण्यात आणली की तिला प्रतिसाद देतात. दोन भिन्न धातू पाण्यात एकत्र आले की आपोआपच एक लहानसा विद्युत्घट तयार होतो. म्हणून ज्या आमिषाचे संपर्कबिंदू गंजलेले आहेत किंवा घटमालेतून गळती होत आहे, ते आमिष मांगूर-शिवड्याला आपण योजिलेल्या संकेताहून निराळाच संकेत देत असते. आमिष कोरडे व स्वच्छ ठेवणे ही केवळ टापटीप नव्हे. तो शिकारीचाच एक भाग आहे.

तीन ऋतू, तीन पाणी

भिलाई-दुर्गच्या परिसरात एकच तलाव वर्षातून तीन रूपे घेतो. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांची लाल-पिवळी माती येऊन पाणी अपारदर्शक होते. वर सांगितल्याप्रमाणे हा काळ कंपनाचा व गंधाचा. परंतु हाच काळ माशांच्या प्रजननाचाही आहे. रोहू-कटला पुराच्या पाण्यात अंडी घालतात, आणि म्हणूनच छत्तीसगढ राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या व जलाशय यांतील मासेमारीस बंदी असते. या दोन महिन्यांत गळ भिंतीला टांगून ठेवणे हेच उचित. अंड्यांनी भरलेली एक मादी म्हणजे लाखो पिलांची आशा असते.

हिवाळ्यात माती तळाशी बसते, पाणी निवळते आणि तबकडी खोलवर दिसू लागते. प्रकाशाच्या आमिषाचा हाच खरा ऋतू. तथापि थंडीत माशाचे शरीर मंदावते; तो वेगाने पळणाऱ्या भक्ष्यामागे धावत नाही. म्हणून आमिष सावकाश ओढावे, आणि पहाटेपेक्षा ऊन वर आल्यावर, पाणी थोडे तापल्यावर बसावे. निवळ पाण्यात मासाही आपणांस पाहतो, हे ध्यानात घेऊन दिवा मंद व दोर बारीक असावा.

उन्हाळ्यात पाणी आटते, तापते आणि शैवलाने हिरवे होते. या काळात हिरवट-पिवळा प्रकाश त्यातल्या त्यात दूर जातो. पण येथे प्राणवायूचा प्रश्न उभा राहतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांस तेच प्रमाण साडेसातच्या आसपास येते. शिवाय रात्रभर शैवलही श्वसन करून प्राणवायू खर्च करते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात. नवखा मनुष्य समजतो की ते भुकेले आहेत; वस्तुतः ते गुदमरलेले असतात. अशा माशाला जगातील कोणतेही आमिष मोहात पाडू शकत नाही. अशा वेळी गळ टाकण्याऐवजी तलावाच्या मालकास किंवा मच्छीमार सोसायटीस तत्काळ कळविणे हे आपले कर्तव्य होय.

वाहत्या पाण्यात आणखी एक अडचण असते. खडकांवरून खळखळणारे पाणी स्वतःच इतका नाद करते की यंत्राची गुणगुण त्यात बुडून जाते. म्हणून नदीत कंपनाचे आमिष डोहात किंवा प्रवाहाच्या कडेच्या संथ पाण्यात टाकावे. खाऱ्या पाण्याची गोष्ट याहून वेगळी. समुद्राचे पाणी सामान्य नदीच्या पाण्यापेक्षा शंभरपट किंवा त्याहूनही अधिक विद्युत्वाहक असते. या आमिषाचा दिवा बहुधा दोन टोके पाण्याने जोडली गेल्यावर पेटतो. समुद्रात तो तत्काळ पेटतो, आणि बाहेर काढल्यावरही खारट ओल राहिल्यास पेटलेलाच राहून घटमाला संपवितो. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडे करून ठेवल्यास हे टळते. निकामी झालेला घट मात्र कधीही पाण्यात टाकू नये. ज्या निस्तारी तलावात गाव स्नान करते व गुरे पाणी पितात, तेथे घटातील धातू व क्षार मिसळू देणे हा अपराधच होय.

परीक्षा कशी घ्यावी

विजेच्या आमिषाने खरोखर लाभ होतो काय, हे प्रत्येकाने स्वतः पारखून पाहावे. त्यासाठी एकाच प्रकारची दोन आमिषे घ्यावी. एकात घटमाला चालू, दुसऱ्यात काढून ठेवलेली. दोन्ही एकाच तळ्यात, एकाच वेळी, सारख्या खोलीवर टाकावी, आणि दर अर्ध्या तासाने जागांची अदलाबदल करावी. लागलेला प्रत्येक मासा, पाण्याची पारदर्शकता व वेळ यांची नोंद ठेवावी.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. समजा, दहा मासे लागले. त्यांपैकी सात पेटत्या आमिषाला आणि तीन विझलेल्याला. बहुतेक लोक लगेच म्हणतील, विजेचा विजय झाला. परंतु एखादे नाणे दहा वेळा उडविले, तर सात विरुद्ध तीन किंवा त्याहूनही विषम असा निकाल दर तीन खेपांत साधारण एकदा निव्वळ योगायोगानेच येतो. विद्यार्थ्यांनी हे नाणे घेऊन प्रत्यक्ष करून पाहावे. म्हणून एका दिवसाच्या यशावरून निष्कर्ष काढू नये. अनेक दिवसांची नोंद जमल्यावरच मत बनवावे. शास्त्र म्हणजे मोठी यंत्रे नव्हेत. योगायोग व कारण यांतील भेद ओळखण्याची शिस्त म्हणजेच शास्त्र.

दिवा मोठा झाला म्हणजे

आतापर्यंत आपण एका गळाचा विचार केला. आता हाच दिवा लक्षपटीने मोठा झाला तर काय होते, हे पाहण्यासाठी कोकणच्या किनाऱ्याकडे जावे लागेल.

काळोख्या रात्री समुद्रात प्रखर प्रकाश सोडला की प्रथम सूक्ष्म प्लवक त्याभोवती जमतात, त्यांना खाण्यासाठी लहान मासे येतात, आणि त्यांच्यामागे मोठे मासे प्रकाशाच्या कडेशी घिरट्या घालू लागतात. पौर्णिमेच्या सुमारास चांदण्यामुळे हा परिणाम फिका पडतो. मशाल किंवा कंदील घेऊन मासे धरण्याची रीत जगात पुरातन आहे. परंतु त्या दिव्याचे सामर्थ्य मर्यादित होते. एलईडी दिवे आले आणि ही मर्यादा संपली. जनित्र बसविलेल्या नौका अतिप्रखर दिवे लावून थवेच्या थवे एकत्र करू लागल्या, आणि पर्ससीनसारखे भले मोठे जाळे त्याभोवती फिरवून सर्व मासे एकदम उचलू लागल्या.

मालवण, रत्नागिरी या भागांतील रापणीवर व साध्या जाळ्यांवर जगणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे असे की, किनाऱ्याकडे येणारा बांगडा व तारली अशा रीतीने बाहेरच्या बाहेर पकडली जाते आणि त्यांच्या हाती रिकामे जाळे येते. यामागील शास्त्रीय भयही खोटे नाही. गळाला एक मासा लागतो. योग्य जाळ्याच्या आसांतून लहान पिले सुटून जातात. परंतु प्रकाशाभोवती पिले, अंडी घालणाऱ्या माद्या आणि नको असलेल्या जाती हे सर्वच गोळा होतात. जे पुढच्या वर्षाचे बियाणे, तेच या वर्षी टोपलीत येते.

म्हणून केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आदेश काढून देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी व अन्य कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी घातली. महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली सुधारणा करून नियमभंगासाठी शिक्षा अधिक कडक केली. तरीही या प्रश्नावरून किनाऱ्यावर संघर्ष झडत राहिले. कारण ज्याने कर्ज काढून मोठी नौका बांधली त्याचाही संसार त्याच समुद्रावर चालतो. हा वाद केवळ दोन गटांचा नाही. आजचे उत्पन्न आणि उद्याचे उत्पन्न यांच्यातील तो वाद आहे.

विजेचा प्रवाहच पाण्यात सोडून मासे बेशुद्ध करणे हा तर याहूनही निंद्य प्रकार होय. त्याचा इलेक्ट्रॉनिक आमिषाशी काही संबंध नाही. त्यात लहान-मोठा हा भेद राहत नाही आणि पाण्यात उतरलेल्या माणसाचेही प्राण जाऊ शकतात. सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केलेली आहे. विजेचा हा दुरुपयोग त्याच पंक्तीत बसविण्याजोगा आहे.

भिलाईच्या तळ्याकाठी बसणाऱ्या वाचकास कोकणातील ही हकीकत दूरची वाटेल; परंतु तत्त्व एकच आहे. खेड्यांतील बहुतेक तलाव मच्छीमार समित्यांना पट्ट्याने दिलेले असतात. केवट व ढीमर कुटुंबे त्यांत पैसा घालून बोटुकली सोडतात, आणि पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाचे जीवन तसेच अवलंबून आहे. म्हणून गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी, लहान मासा लागल्यास ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत सोडावा, आणि आपल्या गरजेपुरतेच घ्यावे.

पाणी कसे आहे, मासा कोणता आहे आणि त्याचे कोणते इंद्रिय जागे आहे, हे तीन प्रश्न ज्याने स्वतःला विचारले, त्याला विक्रेत्याच्या जाहिरातीची गरज उरत नाही. निवळ पाण्यात मंद दिवा, गढूळ पाण्यात कंपन व गंध, उथळ पाण्यात तीक्ष्ण आवाज, गुदमरलेल्या तळ्यात काहीच नाही, आणि प्रजननाच्या काळात गळच नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जे पाण्यात उरते, त्यावरच पुढल्या वर्षीचा गळ अवलंबून असतो.